वणव्यानंतर नळाला आलेले पाणी

बालाघाटच्या डोंगररांगेतील आमच्या गावाला वणवा नवीन नाही. उन्हाळ्यात कुसळी गवत वाळून पांढरे पडले की कोणाच्या तरी बांधावरची ठिणगी उडते किंवा कोणी अर्धवट विझलेली विडी टाकून जातो, आणि रात्री डोंगराच्या अंगावरून नारिंगी रेघ सरकताना दिसते. सीताफळाची झुडपे होरपळतात, मोर ओरडत राहतात, वनरक्षक आणि गावची पोरे ओल्या फांद्या घेऊन धावतात आणि आठ दिवसांनी सगळे विसरून जातात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये लागलेला वणवा विसरता आला नाही, कारण त्यात आमच्या पाणीपुरवठ्याचा पाइप जळाला.

आमची योजना लहान आहे. पाझर तलावाखाली विहीर आहे आणि तिथून काळा एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप टेकडीवरच्या जलकुंभापर्यंत जातो. पाइप पूर्ण अंतरात जमिनीखाली असायला हवा होता, परंतु मध्ये साधारण दोनशे मीटर काळा पाषाण लागल्याने तो तेवढ्या अंतरात खडकावरच अंथरलेला होता आणि त्यावर दगड रचून वेळ भागवलेली होती. वणवा नेमका त्यावरून गेला. दोन ठिकाणी पाइप वितळून फाटला आणि मधल्या तुकड्यांवर फोड आले. चढाच्या लाइनमधले पाणी फाटलेल्या जागेतून गळून गेले, आणि रिकामा होत जाणारा पाइप बाहेरची हवा आत ओढतो हे ज्याने कधी नळीने डिझेल काढले आहे त्याला सांगावे लागत नाही. त्या वेळी पाइपच्या तोंडाशी असलेली हवा म्हणजे धूर आणि राख होती.

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांनी पंचनामा केला. जलसुरक्षक काकांनी फाटलेले तेवढे दोन तुकडे कापून कपलर बसवले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आले. एप्रिलच्या उन्हात तीन दिवसांत पाणी सुरू होणे ही मोठी गोष्ट होती आणि काकांचे सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले. संध्याकाळी आत्याबाईंनी तांब्या माझ्यापुढे धरला. "ह्या पाण्याला वास येऊलाय गं, रॉकेलासारखा." मी वास घेतला. रॉकेलापेक्षा तो तापलेल्या प्लास्टिकच्या बादलीचा वाटला, पण वास होता हे नक्की.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण दिले जाते. आमच्या गावातल्या त्या पाचजणींमध्ये मी आहे. लग्नाआधी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले होते, त्याचा घरात फारसा उपयोग झाला नव्हता, म्हणून हे काम मी आवडीने करते. त्या रात्री किट काढले. सामू (पीएच), नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन, सगळे रंग कार्डावरच्या योग्य खान्यात बसले. जिवाणूंसाठीची हायड्रोजन सल्फाइडची बाटली भरून ठेवली आणि ती दोन दिवसांनीही काळी झाली नाही. दरम्यान काकांनी नमुना प्रयोगशाळेत नेऊन दिला होता. आठवड्याने अहवाल आला तो "पिण्यास योग्य" असा होता. सरपंच भाऊंनी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि विषय संपल्यासारखा झाला.

मला तो अहवाल खोटा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्यात जे तपासले होते ते बरोबरच तपासले होते. फक्त आम्ही विचारलेला प्रश्न वेगळा होता. आपल्याकडे पाणी दूषित म्हणजे हगवण, गॅस्ट्रो, कावीळ, हे समीकरण इतके पक्के आहे की तपासणीही त्याच दिशेने जाते आणि उपायही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, पाणी उकळा. जळालेल्या प्लास्टिकमधून पाण्यात काय उतरते, हा प्रश्न त्या अर्जावर कुठेच नव्हता.

त्याचे उत्तर मला अमेरिकेतल्या दोन ठिकाणांच्या हकिकतीत सापडले. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील सँटा रोझा शहराचा काही भाग वणव्यात जळाला. त्यानंतरच्या महिन्यात तिथल्या एका रहिवाशाने पाण्याला विचित्र वास येत असल्याची तक्रार केली, म्हणजे तिथेही सुरुवात कोणाच्या तरी नाकापासूनच झाली होती. तपासणीत बेंझीन हे विषारी रसायन सापडले आणि काही नमुन्यांत ते लिटरला ४०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचले होते. पुढच्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याच राज्यातले पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळाले, ८५ माणसे गेली, आणि तिथल्या पाण्यातही बेंझीन दोन हजार मायक्रोग्रॅमच्या वर आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची ५ आहे आणि कॅलिफोर्निया राज्याची १. बेंझीन रक्ताचा कर्करोग घडवू शकते. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी नंतर प्लास्टिकचे नवे पाइप प्रयोगशाळेत तापवून पाहिले, तर पेट न घेताही नुसते तापलेले पाइप थंड झाल्यावर पाण्यात बेंझीन सोडत होते.

हे शेवटचे वाक्य वाचल्यावर मला खडकावरचे ते फोड आलेले तुकडे आठवले, कारण ते अजून लाइनमध्येच होते. काकांनी फाटलेले काढले होते, तापलेले नव्हे.

इथून पुढचा महिना अवघड गेला. पहिली अडचण आमच्याच माणसांची होती. अहवालावर विश्वास नसलेल्यांसाठी गावात लाउडस्पीकरवरून "पाणी उकळून प्या" असे सांगितले जात होते, आणि सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. परंतु बेंझीन उडून जाणारा पदार्थ आहे. बंद स्वयंपाकघरात पाणी उकळले तर तो पाण्यातून निघून चुलीपाशी बसलेल्या बाईच्या श्वासात जातो. पॅराडाइजमध्ये लोकांना उकळण्यालाही मनाई केली होती. टीसीएल पावडरने जंतू मरतात, बेंझीनला ती काही करत नाही. हे मी ग्रामसभेत सांगितले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "आता पाणी उकळायचं पण नाही म्हणताय, मग करायचं काय, ताई?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्या दिवशी पुरते उत्तर नव्हते. एवढेच म्हणाले की तपासणी होईपर्यंत हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नये, नळाच्या पाण्याने अंघोळ करायची तर गार पाण्याने आणि दार उघडे ठेवून करावी. काही लोक हसले. तोपर्यंत वासही बराच कमी झाला होता आणि तोच माझा सर्वांत मोठा शत्रू ठरला, कारण बेंझीनचा वास माणसाला येतो तो मर्यादेच्या शेकडो पट प्रमाण झाल्यावर. आत्याबाईंना आला तो वास बहुधा जळक्या प्लास्टिकमधल्या दुसऱ्याच घटकांचा असावा. तो गेला म्हणजे बेंझीन गेले असा अर्थ होत नव्हता.

दुसरी अडचण कागदाची. पर्यायी पाणी हवे तर टँकर मागावा लागतो, आणि टँकर टंचाईसाठी असतो. आमच्या विहिरीत पाणी होते. "विहिरीला पाणी असताना टँकर कसा मंजूर करायचा?" हे ज्यांनी विचारले त्यांच्या बाजूने नियम होता. दोन हेलपाटे घातल्यावर एका अनुभवी ग्रामसेवकांनी वाट दाखवली. टँकरऐवजी खासगी बोअरच्या अधिग्रहणाचा प्रस्ताव द्या, आणि ठरावात "दूषित पाणी" असे न लिहिता "मुख्य पाइपलाइन वणव्यात क्षतिग्रस्त" असे लिहा, सोबत पंचनामा जोडा. तसे केले. गावाबाहेरचा एका शेतकऱ्याचा बोअर मिळाला. मराठवाड्याच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघते, म्हणून तो चालू करण्याआधी किटवर फ्लोराइड पाहिले. ते एक मिलिग्रॅमच्या आत होते. मग दोन महिने गावातल्या बायांनी तिथून घागरी वाहिल्या आणि त्यातल्या निम्म्या जणी मला शिव्या देत होत्या हे मला माहीत आहे.

तिसरा भाग नमुन्याचा, आणि तो मी जरा सविस्तर सांगते, कारण चुकले असते तर इथेच चुकले असते. बेंझीन मोजण्यासाठी लागणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी या यंत्रतपासणीची सोय असलेली मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधत शोधत पुण्यापर्यंत जावे लागले. फोनवर पहिल्यांदा सांगितले की बिस्लेरीच्या धुतलेल्या बाटलीत नमुना आणते, तेव्हा पलीकडच्या मॅडमनी मला थांबवले. प्लास्टिकची बाटली चालत नाही. त्यांनी गडद काचेच्या, बोटभर उंचीच्या छोट्या बाटल्या पाठवल्या. त्या काठोकाठ भरायच्या, झाकण लावल्यावर उलट्या करून बघायच्या आणि आत मुगाएवढाही बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायच्या, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जाते. पाण्यात क्लोरीन असल्याने तो मारणारी पूड बाटलीत आधीच घातलेली होती, म्हणून बाटली ओसंडू द्यायची नव्हती. नंतर सगळे बर्फात ठेवायचे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी कोणते घ्यायचे. वाहत्या नळाचे पाणी घेतले तर पाइपमध्ये क्षणभर राहिलेले पाणी मिळते आणि अहवाल पुन्हा छान येतो. तापलेल्या प्लास्टिकमधून बेंझीन हळूहळू पाझरते, त्यामुळे पाणी पाइपमध्ये किमान ७२ तास साचलेले असावे लागते. तीन दिवस लाइन बंद ठेवायची, पण आतले पाणी उतरू द्यायचे नाही, ही गोष्ट काकांना पटवताना माझी दमछाक झाली. "सूनबाई, पाणी घाण व्हायची वाट बघायची आणि मग तपासायचं, ही कुठली तऱ्हा?" असे ते म्हणाले. पण त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि तीन दिवस त्याच्यावर पहारा ठेवला. चौथ्या दिवशी पहाटे एक नमुना खडकावरच्या भागानंतर लगेच असलेल्या व्हॉल्व्हवर घेतला, एक जलकुंभात आणि एक थेट विहिरीतून. माझे यजमान थर्मोकोलचा खोका मांडीवर घेऊन एसटीने पुण्याला गेले. खर्च बचत गटाच्या निधीतून उचलला, आणि त्यावरूनही नंतर बोलणी खाल्ली.

विहिरीत बेंझीन नव्हते. जलकुंभात मोजण्याइतके नव्हते. व्हॉल्व्हवरच्या नमुन्यात ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या वर होते. सँटा रोझाच्या आकड्यांपुढे ते काहीच नव्हते, आणि मला खरे तर हायसे वाटले. विहीर चांगली होती आणि दोष खडकावरच्या पाइपात होता.

हा कागद हातात आल्यावर मात्र काम सरळ झाले. सरपंच भाऊंनी तो वाचला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे पाइप बदलला की झालं?" जवळजवळ तसेच होते. खडकावरचा सगळा पाइप काढला आणि दोन्ही बाजूंना आणखी काही मीटर चांगला दिसणारा पाइपही कापला, कारण प्लास्टिक बेंझीन शोषून घेते आणि पुन्हा पाण्यात सोडते. त्याजागी खडक फोडून, ब्रेकर लावून, नवा पाइप गाडला. जलकुंभ रिकामा करून घासला. लाइन पुन्हा पुन्हा भरून ते पाणी जलकुंभात न जाऊ देता उघड्यावर सोडले. मे महिन्यात एवढे पाणी सोडून देताना बघणे कोणालाच सोपे नव्हते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा ७२ तास, पुन्हा बाटल्या, पुन्हा एसटी. त्या वेळी तिन्ही नमुन्यांत बेंझीन आढळले नाही.

बोअरचे अधिग्रहण आम्ही तरीही लगेच सोडले नाही, आणि ते बरे झाले. मृगाच्या दुसऱ्या पावसात उघड्या पडलेल्या डोंगरावरची सगळी राख पाझर तलावात उतरली. गवत नसल्याने पाणी मुरलेच नाही, नुसते वाहिले. तलाव शाईसारखा झाला आणि दोन दिवसांत विहिरीचे पाणीही गढूळले. हा प्रश्न मात्र नेहमीच्या ओळखीचा होता आणि त्याला किट पुरेसे होते. राख अल्कधर्मी असते, त्यामुळे सामू साडेआठच्या वर गेला आणि अशा पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. शिवाय गाळ स्वतःच क्लोरीन खातो. एरवी हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएलचा आमचा हिशोब चालतो, त्या दिवसांत त्याने नळाच्या टोकाला क्लोरीन बघायच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंगच दिसेना. नुसते टीसीएल वाढवत जाण्यापेक्षा आधी तुरटी फिरवून गाळ बसू देणे आणि वरचे पाणी घेणे हे काकांना माझ्यापेक्षा चांगले जमले. तीन आठवड्यांनी पाणी निवळले, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत राहिले, तेव्हा बोअर त्याच्या मालकाला परत केला.

दिवाळीनंतर मी एकदा शेवटचा नमुना पुण्याला पाठवला, तोही स्वच्छ निघाला आणि त्याची तारीख पाण्याच्या रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिली. या वर्षी फेब्रुवारीत वन विभागाच्या माणसांबरोबर गावच्या पोरांनी डोंगरावर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढली, तेव्हा नव्या पाइपच्या दोन्ही बाजूंचे गवतही आठ-आठ फूट काढून टाकले. फोड आलेल्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा काकांनी पंप हाऊसच्या खुंटीला टांगून ठेवला आहे. पाणी सोडायला नवीन मुलगा आला की ते आधी तो तुकडा त्याच्या नाकाशी धरतात.