खापर, तांदूळ आणि लोखंडी जहाज

टोकियोत, निशिकासाईतल्या आमच्या स्वयंपाकघरात एक मातीचं भांडं आहे. पोटाला गोल, वर छोटं तोंड, दांडा पोकळ. त्यात तीळ भाजायचे आणि दांड्यातून ओतायचे. नाव होरोकु. आई टोकियोला आल्यापासून त्यात कुटाचे शेंगदाणे भाजते. "खापरच की हे," म्हणते.

परवा तिला सांगितलं की या खापराच्या नावाचे बाँबही होते. मातीच्या भांड्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि शत्रूच्या नावेवर भिरकावायचं. सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा यानं ओसाकात इशियामा होंगानजी या बौद्ध मठाला वेढा घातला होता आणि मठाच्या बाजूच्या मोरी घराण्याला समुद्रातून आत धान्य पोचवायचं होतं. १५७६ साली किझु नदीच्या मुखाशी त्यांनी ओदाच्या नावा अशाच जाळल्या आणि धान्य पोचवलं.

मग नोबुनागानं आपला आरमारप्रमुख कुकी योशिताका याच्याकडून इसे प्रांतात सहा प्रचंड जहाजं बांधून घेतली. ही आताकेबुने जातीची. जहाज कसलं, तरंगता बुरूजच! पुढून मागपर्यंत जाड फळ्यांची पेटी, तिला किल्ल्याला असतात तशा जंग्या, आत वल्हेकरी आणि बंदूकवाले. लढाईत डोलकाठी आडवी पाडायची आणि सगळा भार वल्ह्यांवर. वेग बेताचाच, पण नदीचं तोंड अडवून बसायला वेग हवाय कशाला? १५७८ साली मोरींच्या सहाशेएक नावा आल्या. कुकीनं त्यांना अगदी जवळ येऊ दिलं आणि मग सरदाराच्या नावेवर तोफा डागल्या. मठाची रसद तुटली. १५८० साली मठ शरण आला.

ही जहाजं लोखंडानं मढवलेली होती असं जिथेतिथे वाचायला मिळतं. त्याचा आधार म्हणजे नाराच्या एका भिक्षूची रोजनिशी, तीही ऐकीव माहितीवर लिहिलेली. ओर्गांतिनो या जेझुइट पाद्र्यानं ती जहाजं साकाई बंदरात डोळ्यांनी पाहिली. तोफा पाहून तो चकित झाला, पण लोखंडाबद्दल अवाक्षर नाही. माझं मत विचाराल तर मोक्याच्या जागी थोडेफार पत्रे असतील, बाकी जाड लाकूड.

आईला पत्र्यांत रस नव्हता. "एवढ्या वल्हं मारणाऱ्यांना जेवायला कोण घालत होतं?"

प्रश्न बरोबर जागी लागला. तेव्हाच्या जपानात जहाजंसुद्धा त्यात किती तांदूळ मावतो यावर मोजत. एक कोकु म्हणजे ढोबळमानानं एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. १६०९ साली, तोवर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्यानं पश्चिमेकडच्या सरदारांची पाचशे कोकुंहून मोठी जहाजं काढून घेतली आणि आताकेबुनेंचा जमाना संपला. पुढे त्याच घराण्यातल्या शोगुन (लष्करी राज्यकर्ता) इएमित्सुच्या काळात मात्र त्यांनी स्वतःच आताकेमारु हे तांब्यानं मढवलेलं धूड बांधलं. लढाई त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. आजच्या टोकियोतल्या सुमिदा नदीत नांगरून पडलं, खर्च परवडेना, १६८२ साली मोडीत काढलं. काठाला नाव तेवढं राहिलं: आताके. चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ सालच्या पावसाच्या चित्रात, शिन-ओहाशी पुलापलीकडे जो धूसर किनारा दिसतो, तोच.

रविवारी मोरिशिता स्टेशनला उतरून आईला त्या पुलावर नेलं. कठड्याला टेकून तिनं विचारलं, "कुठे होतं रे?" मी पूर्वेच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे कुणाच्या तरी गॅलरीत गाद्या वाळत घातल्या होत्या.