क्रीक बोटीची चीर: तिसरा वेल्ड टिकला, दोष मात्र सीटखाली होता

कोलाडच्या कुंडलिका नदीवर सकाळच्या पाण्यात क्रीक बोटीच्या (दगडाळ, उताराच्या नद्यांवरची प्लास्टिकची कयाक) चार रन, म्हणजे चार फेऱ्या झाल्या आणि शेवटच्या रननंतर बोटीतून निघालं ते जेमतेम अर्धा मग पाणी. एवढं स्कर्टमधून (बसायची जागा झाकणारं, कमरेभोवतीचं आवरण) येतंच. मागच्या नोंदीत लिहिलेली, बोटीच्या तळाला पडलेली ११ सेंटिमीटरची चीर एका रनला सात-साडेसात लिटर पाणी आत घेत होती. आता ती कोरडी आहे. जुनी बोट घेऊन ज्यांना मे महिन्यात उत्तराखंडातल्या टोन्स नदीला जायचंय, त्यांनी खालचा सीटचा भाग वेल्डच्या आधी वाचावा.

सात लिटर म्हणजे सात किलो. कुंडलिकेवर ते चालवून घेता येतं. रॅपिड (खळाळता उतार) संपला की संथ पाणी येतं, बोट काठाला लावून ड्रेन प्लग उघडता येतो. मोरी गावाच्या खाली टोन्स अशी सवड देत नाही. तिथे एका रॅपिडचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात असतं, एडी (आडोशाचं संथ पाणी) एका बोटीपुरत्या आणि त्याही मोठ्या धोंड्यांच्या आड. त्यात आतलं पाणी एका जागी थांबत नाही हा खरा त्रास. बूफ मारताना, म्हणजे धोंड्यावरून उडी घेऊन सपाट पडताना, नाक उचललं की सगळं पाणी मागे धावतं, शेपूट बसतं आणि होलच्या (धबधब्याखाली मागे वळणाऱ्या पाण्याच्या खळग्याच्या) उलट्या पाण्यात अडकतं. पडल्यावर तेच पाणी पुढे येऊन नाक दाबतं. रोल करताना, म्हणजे उलटलेली बोट बसल्या जागी सरळ करताना, ते खालच्या बाजूला जमतं, म्हणून कंबर झटकली तरी बोट अर्ध्यावर अडून राहते. सलग उताराच्या नदीवर म्हणूनच छोटी गळती छोटी नसते.

आता वेल्ड, म्हणजे गरम हवेच्या गनने प्लास्टिकचा रॉड वितळवून चीर सांधणं. पहिला फसला तो रॉडमुळे. प्लास्टिक पाइपच्या सामानाच्या दुकानातून ‘एचडीपीई आहे, चालेल’ म्हणून मिळालेला काळा रॉड वापरला होता. पाइपसाठी जे पॉलिइथिलीन असतं ते वितळल्यावरही घट्ट राहतं, सहज वाहत नाही. आपल्या बोटी बहुतेक रोटोमोल्ड, म्हणजे फिरत्या गरम साच्यात घडवलेल्या. त्यांचं प्लास्टिक साच्यात पसरावं म्हणून जास्त वाहतं असतं. दोन्ही पॉलिइथिलीनच, तरी एकमेकांत नीट मिसळत नाहीत. वरून वेल्ड सुंदर दिसला, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेखाली घालून उचकटलं तर अख्खी पट्टी केळ्याच्या सालीसारखी सोलून आली. खाली वेल्डसाठी चिरेवर कोरलेली V आकाराची खाच जशीच्या तशी चकचकीत.

दुसऱ्या वेळी रॉड बोटीतूनच काढला. कॉकपिटच्या रिमखाली जी जास्तीची कड असते, तिच्या चार-पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या ब्लेडने कापल्या. हाच सर्वांत भरवशाचा रॉड. कड नसेल तर त्याच कंपनीची मोडीत काढलेली बोट शोधा. तेही नसेल तर पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांकडे जा. टाक्याही रोटोमोल्डच असतात आणि त्यांचा रॉड पाइपवाल्या रॉडपेक्षा कितीतरी बरा मिसळतो. मात्र तीन थरांच्या टाकीचा तुकडा घेऊ नका, मधला थर बऱ्याचदा फोमचा असतो. कोणताही रॉड आधी भंगार तुकड्यावर लावून बघायचा, २४ तास ठेवायचा, मग वाकवायचा. आणि बोट क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना कायमचे जोडलेल्या) प्लास्टिकची असेल तर हा सगळा खटाटोप सोडून द्या, ते वितळतच नाही. कॉकपिटच्या आतली बारीकशी कपची काढून लायटरवर धरा. मेणासारखी वितळून ओघळली तर वेल्ड होईल. नुसती काळवंडली तर नाही.

दुसरा वेल्ड सोलला नाही. दोन रननंतर त्याच्या शेजारी, दोन मिलिमीटरवर, नवी चीर आली. इथेच पंधरा दिवस गेले. कधी तापमान कमी पडलं असं वाटलं, कधी खाच उथळ. स्टीलची जाळी आत पुरायचा विचारही झाला, आणि तो सोडला ते बरं झालं. जाळीमुळे तेवढाच पट्टा ताठ होतो, आजूबाजूचं हल (बोटीचं कवच) वाकत राहतं आणि जाळी जिथे संपते तिथे पुन्हा फाटतं. टूरिंग बोटीला ती चालेल, दगडावर आपटणाऱ्या बोटीला नको.

उत्तर मिळालं ते निळीच्या बाटलीतून. बोट दोन जुन्या टायरवर ठेवली, कोरडी पुसली, खाली वर्तमानपत्रं अंथरली. आत वीस लिटर पाणी आणि त्यात दोन झाकणं कपड्यांची नीळ. अर्ध्या तासात कागदावर निळे ठिपके उमटले, एका सरळ रेषेत, जणू पट्टी ठेवून काढलेले. मग बोट कुशीवर वळवली, तर सीटच्या डाव्या बोल्टखालीही एक मोठा डाग आला. म्हणजे सात लिटरपैकी काही पाणी चिरेतून येतच नव्हतं. बोल्टचा रबर वॉशर कडक होऊन तडकला होता. नवा निओप्रीन वॉशर, वर स्टीलचा रुंद वॉशर, काम झालं.

ती सरळ रेषा खटकली. दगडाने पडलेली चीर इतकी सरळ नसते. सीट काढून तिच्या तळाच्या दोन्ही रिबना (उंचवट्याच्या पट्ट्यांना) खडू फासला आणि सीट जागेवर दाबून बसवली. उचलल्यावर हलच्या आतल्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा होत्या. त्यातली डावी रेघ आणि चीर यांत दोन मिलिमीटरचं अंतर.

सीटखालचा फोम दबून निम्मा झाला होता. सपाट बूफ पडला की बसणाऱ्याचं सगळं वजन त्या सहा मिलिमीटरच्या रिबवर, आणि खालून दगड. हल त्याच रेषेवर वाकत होतं. चिरेच्या टोकाला पाडलेल्या भोकात व्हर्नियरची काडी घालून जाडी मोजली: ४ मिलिमीटर. सीटच्या मागे ती ६ भरते. कितीही चांगला वेल्ड केला असता तरी शेजारी नवी चीर आलीच असती.

म्हणून आधी सीट. रिबच्या कडा कानशीने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल केल्या. चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानातून १० मिलिमीटरचं कडक ईव्हीए फोमचं शीट आणलं. योगा मॅटचं मऊ ईव्हीए महिन्याभरात दबतं. ३० बाय २२ सेंटिमीटरचा तुकडा, चारही कडा तिरप्या घासून शून्यावर आणलेल्या, नाहीतर फोमचीच नवी कड तयार होते. कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने तो सीटला चिकटवायचा, हलला नाही. सीट ८ मिलिमीटर वर आली, म्हणून थाय ब्रेस (मांड्या अडकवायचे आधार) एक खाच पुढे घ्यावे लागले. हे विसरलात तर रोलला गुडघे निसटतील.

मग तिसरा वेल्ड. चिरेच्या दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरची भोकं, म्हणजे ती पुढे धावत नाही. बाहेरून V खाच, जाडीच्या दोन-तृतीयांश खोल. दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर जुना फिकट थर ब्लेडने खरवडायचा. सँडपेपर नको, त्याची धूळ आत राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. गन २९० अंशांवर, ५ मिलिमीटरची नोझल, खाच आणि रॉड दोन्ही एकाच वेळी ओलसर चमकेपर्यंत तापवून रॉड उभा दाबत पुढे जायचं. चमक येण्याआधी दाबला तर थंड जोड, पिवळट झालं तर जळलं. गार पाणी ओतायचं नाही, फडकं टाकून आपोआप निवू द्यायचं. तापमानाचा आकडा दाखवणारी गन महाग पडते, पण रंग काढायच्या दोन स्पीडच्या गनने हे काम करू नका. वरचा थर जळतो आणि खालचा तापतच नाही.

हे लिहिता लिहिता एअरबॅगचा विचार बदलला. आतापर्यंत मागे एकच मोठी बॅग होती, पिलरच्या (बोटीच्या आतल्या मधल्या उभ्या आधाराच्या) एका बाजूला. आता दोन्ही बाजूंना एकेक आणि फुटब्लॉकच्या (पाय टेकवायच्या ठोकळ्याच्या) पुढे एक छोटी. जिथे हवा आहे तिथे पाणी शिरत नाही, आणि जे शिरेल त्याला मागेपुढे धावायला जागा उरत नाही. वेल्ड उघडलाच तरी बोट निदान वळेल. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

टोन्सच्या बेतातही बदल. नैटवाडला सुपिन आणि रुपिन मिळतात तिथून सुरू करायचा मोह आहे, पण २०२३ च्या अखेरीस ६० मेगावॅटचा नैटवाड-मोरी प्रकल्प सुरू झाल्यापासून त्या टप्प्यातलं पाणी बॅरेजवर अवलंबून आहे. म्हणून मोरीपासून खाली, त्यूणीच्या दिशेने. बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं, त्यामुळे सकाळी लवकर उतरायचं, आणि वीजगृहाचं पाणी कधी सुटतं ते आदल्या दिवशी मोरीत विचारून घ्यायचं. पहिल्या दिवशी वरचे पाच-सहा किलोमीटर फक्त, रस्त्यावरून स्काउट करून, दर एडीला स्कर्ट उघडून हात आत घालायचा.

नदीवर सोबत न्यायच्या दुरुस्तीच्या डब्यात गच्चीच्या गळतीला लावतात ती ब्यूटाइल टेप ३० सेंटिमीटर, अल्कोहोलचे चार वाइप्स, लायटर, कोरडं फडकं आणि टेप दाबायला स्टीलचा चमचा. टेप थंड हलवर धरत नाही. आधी हल लायटरने हाताला सोसेल इतकं तापवायचं, मग टेप मधून कडेकडे दाबत जायची, चारही कोपरे गोल कापून.