खांब डाव्या हाताला

आमच्या खो-खोच्या मैदानावर कुणाच्या पावलाचं हाड मोडलं की ती मुलगी माझ्याकडे येते आणि पहिला प्रश्न हाच असतो, "ताई, तू किती आठवड्यांनी उतरलीस?" मी आठवडे सांगत नाही. आधी विचारते, हाड नेमकं कुठे मोडलंय? बहुतेकींना सांगता येत नाही, कारण डॉक्टरांना ते विचारलेलंच नसतं.

करंगळीपासून पावलाच्या बाहेरच्या कडेने मागे जाणारं लांब हाड म्हणजे पाचवं मेटाटार्सल. पावलाच्या साधारण मध्यावर, बाहेरच्या कडेला बोट फिरवलंत तर एक उंचवटा हाताला लागतो, ते त्याचं मागचं टोक. पाय मुरगळून हा उंचवटाच तुटला, तर हाड बहुधा ऑपरेशनशिवाय नीट जुळतं आणि कडक तळव्याचा बूट घालून लवकर चालताही येतं. पण तडा जरा पुढे, दीडेक सेंटीमीटरवर गेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही, आणि खेळाडूंच्या पायात पुष्कळदा स्क्रू घालतात. एकच हाड, तेवढ्याच अंतराने महिन्यांचा फरक पडतो. म्हणून मैत्रिणीचे आठवडे आपल्याला लावायचे नाहीत.

माझा तडा या दुसऱ्या जागी होता. त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स हे लिव्हरपूलचे सर्जन. 1902 साली त्यांनी या मोडीवर लेख लिहिला आणि त्यातला एक रुग्ण ते स्वतःच होते. तंबूच्या खांबाभोवती नाचताना त्यांचं पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं आणि टाच त्या क्षणी जमिनीपासून वर होती. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खांबाभोवती, टाच वर, भार बाहेरच्या कडेवर! आमचा खांबाचा वळसा दुसरं काय असतो?

न खेळणाऱ्यांसाठी सांगते. मैदानाच्या मधोमध लांब पट्टा असतो, ती मध्यपाटी. तिच्या दोन्ही टोकांना खांब असतो, साधारण छातीपर्यंत येणारा. पाठलाग करणारी पूर्ण वेगात येते, एका हाताने खांब धरते आणि अंग आत झोकून पलीकडच्या बाजूला वळते. खांब डाव्या हाताला असेल तर डावं पाऊल आतलं, आणि वळताना ते बाहेरच्या कडेवर टेकतं. वेगाचा सगळा भार क्षणभर त्या कडेवर येतो. माझं डावंच पाऊल मोडलं.

प्लास्टरच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, पाय टेकायला मनाई. ऐरोलीचं ऑफिस घरून चाललं. आईने जे केलं त्याचे आभार मानायला इथे जागा पुरणार नाही.

खरं काम प्लास्टर निघाल्यावर सुरू झालं. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, घरात पेढे आले. फिजिओने मात्र आईची ब्लाउजची टेप मागवून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी दोन सेंटीमीटर बारीक. भिंतीला हात लावून एका पायावर टाच उचलायला सांगितली, तर डावी टाच जमिनीवरून हलेना. खो-खोत आपण मध्यपाटीवरच्या चौकात बसतो तेच मुळी चवड्यांवर. खो मिळाला की त्याच चवड्यांच्या जोरावर उठायचं असतं. टाच उचलता येत नाही तोवर मैदानाचं नाव काढायचं नाही, असं फिजिओने सांगितलं आणि मला ते शंभर टक्के पटलं.

मग तलावपाळी, म्हणजे आमच्या मासुंदा तलावाचा काठ. संध्याकाळच्या गर्दीत नाही, पहाटे, कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूने निघून मासुंद्याला फेरी. आधी नुसतं चालणं, मग थोडं धावणं-थोडं चालणं. नियम एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकायचं आणि हाडाच्या त्या जागी अंगठ्याने दाबून बघायचं. स्नायू दुखले तर चालेल. बरोबर तिथेच, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दुखलं, तर मागच्या पायरीवर यायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमार, त्याचं हे हाड फेब्रुवारी 2018 मध्ये मोडलं, ऑपरेशन होऊन तो जूनमध्ये विश्वचषक खेळला, आणि जानेवारी 2019 मध्ये त्याच हाडाला पुन्हा दुखापत झाली. त्याच्या दिमतीला केवढे डॉक्टर असतील! आपल्याला तर जास्तच जपायला हवं.

मैदानावर आल्यावर सरांनी क्रम लावून दिला. आधी फक्त चौकातून उठणं. मग सरळ धाव. मग खांब उजव्या हाताला ठेवून वळसा, म्हणजे आत धड पाय. डाव्या हाताचा वळसा सगळ्यात शेवटी, आधी चालत, मग निम्म्या वेगाने. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांमध्ये प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने तो जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे नव्या मुलींची रीघ लागलीय. त्या मुली पूर्ण वेगात खांब घेतात आणि मी शेजारच्या खांबाला चालत वळसे घालते. त्यांच्याकडे बघून पाय शिवशिवतात, खोटं कशाला सांगू. पण कुणी चिडवलं नाही. एक चिमुरडी तर माझं पाऊल कसं टेकतंय ते खाली बसून बघायची आणि "ताई, आत्ता कडेवर गेला हं," असं ओरडून सांगायची.

डाव्या हाताचा वळसा आता पूर्ण वेगात जमतो. पोटऱ्यांमध्ये अजून अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आहे. पुढच्या महिन्यात क्लबचे सामने आहेत. बचावाला तीन-तीन जणींच्या तुकड्या उतरतात आणि मी नेहमी पहिल्या तुकडीत असायचे. सर म्हणाले, "अगं, या वेळी तिसऱ्या तुकडीत उतर, वाट्याला वेळ कमी येईल." मी हो म्हटलंय.