कूलंटचा वास आणि लेट्यूसची मुळं

सुट्टीनंतर पहिल्या पाळीला लेथचं कूलंट, म्हणजे धातू कापताना सोडतात ते तेलपाणी, सुरू केलं की कुजक्या अंड्यांचा जो भपकारा येतो, तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मशीन बंद, टाकीतलं पाणी हललेलं नाही, वर तेलाची साय, खाली हवा नाही. तिथं हवेविना जगणारे जंतू माजतात. 23 वर्षं मी हा वास घेतोय. गेल्या एप्रिलात तोच वास अनगोळच्या आमच्या गच्चीवर आला, तेव्हा आधी वाटलं माझ्याच कपड्यांना येतोय.

वास पिंपातून येत होता. गच्चीवर 4 इंची पाइपांच्या तीन ओळी, त्यात 48 भोकं, खाली 100 लिटरचं पिंप. माती नाही, खत विरघळवलेलं पाणी तेवढं फिरतं. लेट्यूसची पानं भर सकाळी माना टाकून बसलेली. भोकातला रोपाचा एक कप उचलला तर मुळं चहाच्या चोथ्यासारखी. मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा.

त्याच दिवशी निपाणीकडचे मामा आलेले. त्यांची उभी हयात तंबाखूत गेलेली. त्यांनी रोप उलटंपालटं केलं, बुडखा दाबला आणि म्हणाले, "आरं, ह्ये आमच्या तरूला लागतंय तसलंच हाय की. मोरचूद-चुना वत."

रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. तंबाखूचं तरू, म्हणजे कोवळं रोप, वाफ्यात कोलमडतं ते बहुतेक वेळा पिथियममुळं, आणि आल्याचा कंद कुजतो त्यातही पिथियमचा हात असतो. त्याला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नव्हे, शैवालांच्या जवळची जात. तिचे बीजाणू शेपटी हलवत पाण्यात पोहतात. वाफ्यात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला रोगाला वेळ लागतो. माझ्याकडं पंपच त्याला 48 घरी पोचवत होता.

मोरचूद मात्र मी घातलं नाही. मोरचूद म्हणजे तांबंच, आणि अशा पाण्यात तांबं अगदी नखभर लागतं, जास्त झालं की मुळंच भाजतात. मी वर्कशॉपचा माणूस, जंतू म्हणजे शत्रू एवढंच ठाऊक. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. चार दिवस मुळं बरी दिसली, आठव्या दिवशी पुन्हा तोच चोथा. आता कळतं ते का झालं. पेरॉक्साइड चांगला-वाईट बघत नाही, सगळ्यांनाच मारतं आणि स्वतः पाणी नि ऑक्सिजन होऊन संपून जातं. मागं उरतं मोकळं रान. मग जो आधी येईल त्याचं राज्य, आणि पिथियमला यायला उशीर लागत नाही.

मग ते रान आधीच आपल्या माणसांनी भरून टाकायचं ठरवलं. ट्रायकोडर्मा आपल्या भागात हळदवाल्यांना नवा नाही. ती खरी बुरशी, दुसऱ्या बुरशीला विळखा घालून खाते. स्युडोमोनास हा जिवाणू पाण्यातलं लोह स्वतःकडं ओढून घेतो आणि रोगाला उपाशी ठेवतो. बॅसिलस सबटिलिस हाही जिवाणूच, तो मुळावर पातळ थर धरून बसतो. त्याचे बीजाणू चिवट, म्हणून बाटलीत टिकतात. बाटलीवरचा मजकूर कन्नडात होता. तो मुलीनं वाचून दाखवला, माझं कन्नड अजून बसच्या पाटीपुरतंच.

पहिल्या खेपेला दोन घोडचुका केल्या. एक म्हणजे ट्रायकोडर्माची टाल्कवाली पावडर सरळ पिंपात. पाणी ताकासारखं झालं आणि पंपाची जाळी तुंबली. दुसरी, शेतात ओततात म्हणून वर मूठभर गूळ. दोन दिवसांत पाइपांत शेंबडासारखा बुळबुळीत थर! गुळावर सगळेच जंतू तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मुळं स्वतःच थोडी साखर पाझरतात, या जंतूंना तेवढी शिदोरी पुरते. आता ट्रायकोडर्मा फक्त कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, रोप लहान असताना. पिंपात द्रवरूप बॅसिलस, तेही पाणी बदललं की प्रत्येक वेळी. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून, हवा सोडून मग वापरायचं, नाहीतर क्लोरीन त्यांचा आधीच निकाल लावतं.

पण बाटलीपेक्षा जास्त गुण, माझ्या मते, दहा रुपयांच्या गोणपाटानं दिला. त्या एप्रिलात पिंपातलं पाणी 31 अंश होतं. 20 अंशाच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 ला साडेसातच; आणि उष्णतेत मुळांना तो जास्त लागतो. पिंप जिन्याखाली नेलं, ओलं गोणपाट गुंडाळलं, फिश टँकचे बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन सोडले. वास दोन दिवसांत गेला. कुजलेली मुळं काही जिवंत झाली नाहीत. ती रोपं उपटून टाकावीच लागली. कुजलेल्यावर हे जंतू औषध नाहीत, नव्या पांढऱ्या मुळावर आधी जागा धरण्यापुरतेच त्यांचं काम.

या उन्हाळ्यात 48 पैकी तीनच रोपं गेली. मी कारखान्यात फुशारकी मारली, की एका ओळीतल्या रोपांना ट्रायकोडर्मा दिलाच नव्हता, तरी तीही जगली. आमच्या फोरमननं चहा खाली ठेवून विचारलं, "पिंप एकच ना तुझं?"

एकच. म्हणजे बॅसिलस सगळ्या ओळींना मिळालाच होता. तेव्हा आता दुसरं निळं पिंप आणलंय. सावली तीच, हवा तेवढीच, फक्त त्यात कुठलेच जंतू घालणार नाही. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कुठल्या पिंपातली भाजी हाय ती चिठ्ठी लावून पाठीव."