आत्या, पाय उचल!

लग्न गोरेगावला होतं. तीन दिवस हॉल, मेंदी, जेवणावळी आणि रुसवेफुगवे. त्याबद्दल काही लिहीत नाही, सगळे हे वाचतात. चौथ्या दिवशी भाची म्हणाली, "आत्या, पुण्याला जायच्या आधी ओहोटी बघायला येतेस?"

भरती बघायला लोक जातात. मरीन ड्राइव्हवर अंगावर लाटा घ्यायला मीही गेलेय. पण ओहोटी?

नुकतीच अमावस्या झाली होती. अशा दिवसांत पाणी खूप आत जातं, म्हणून पाचच्या सुमाराला वांद्र्याला बँडस्टँडवर पोचलो. वर एका नटाच्या बंगल्यासमोर फोन उंच धरून ही गर्दी! खाली काळ्या खडकांवर आम्ही, दोन जोडपी आणि आकडीने कालवं काढणारी एक बाई. शिवाय वास. जवळच एक नाला सरळ समुद्रात सोडलेला. मी नाकाला पदर लावला. भाचीला सवय असावी. तिचं लक्ष माझ्या वहाणांकडे होतं. "बूट घाल म्हटलं होतं ना?"

खडक निसरडे. पाय कुठे टेकवावा म्हणून मी हिरवट, मऊ शेवाळाचा एक पट्टा बघितला आणि निवांत उभी राहिले. तेवढ्यात भाची ओरडली, "आत्या, पाय उचल! ते जिवंत आहे!"

शेवाळ नव्हतंच ते. झोअँथिड. समुद्रफुलांच्या नि प्रवाळांच्या नात्यातला प्राणी, एकाला एक चिकटून वसाहत करून राहणारा. पाणी गेलं की तोंडं मिटून घेतो, मग तो ओल्या रबरासारखा दिसतो. शेजारच्या डबक्यात तेच पाण्याखाली होते. तिथे शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं उघडलेली, कडेने बारीक झालर. एवढ्यात एक शंख तुरुतुरु चालत गेला. आत खेकडा होता. मी उकिडवी बसले ती गुडघे भरून येईपर्यंत. वाकून बघताना नाल्याचा वास विसरले, असं लिहिलं तर खोटं होईल. वास येतच होता आणि त्याच पाण्यात हे सगळं चाललं होतं.

कालवंवाली म्हणाली, "ताई, आधी इथं शेवंडपण मिळायची." शेवंड म्हणजे लॉब्स्टर. एवढंच बोलून ती परत ठोकायला लागली.

समुद्रात भराव टाकून कोस्टल रोड बांधला, त्या वेळचा किस्सा भाचीने तिथेच सांगितला. वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. १९७२च्या वन्यजीव कायद्यात दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यामुळे २०२०मध्ये परवानगी काढून त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या, काही कुलाब्याला नेव्हीनगरच्या किनाऱ्याला लावल्या. मुंबईत प्रकल्पबाधितांना इतक्या झटपट पर्यायी जागा मिळाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं! हसलो दोघी. मग मी विचारलं, "आणि हे माझ्या पायाखालचे?"

"यांना दगडी सांगाडा नसतो. हे त्या प्रवाळांत धरत नाहीत."

म्हणजे भराव पडला तर यांची मोजदाद कोण करणार? पण हे विचारायला माझं तोंड कुठे होतं, दहा मिनिटांपूर्वी मीच त्यांच्यावर पंचावन्न वर्षांचं वजन टाकून उभी होते. परतताना प्रत्येक पाऊल कोरडा दगड शोधून टाकलं. पंधरा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. मागून पाणी चढत होतं, भाची घाई करत होती. शेवटी घोट्यापर्यंत भिजलेच.

लोकलमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. घरी वहिनीने वहाणा गॅलरीत ठेवायला लावल्या. त्या वासात नाला किती आणि समुद्र किती, यावरून जेवताना घरात दोन तट पडले.