आठ नंबरचा गोलकीपर

दुकानात झेरॉक्सला गर्दी झाली की माणसं भिंतीकडं बघत उभी राहतात. काउंटरच्या मागं अंबाबाईची तसबीर, तिच्या शेजारी कॅलेंडर आणि त्याच्या वर आमच्या गल्लीच्या टीमचा 1986 चा फोटो. या फोटोत आम्ही अकराही जण पाठमोरे उभे आहोत, माना मात्र कॅमेऱ्याकडं वळवलेल्या. कॅप्टनचा हुकूमच होता तसा. आकड्यांना पैसे मोजलेत, ते दिसले पाहिजेत.

मग ठरलेली प्रश्नोत्तरं होतात. "ह्यातले तुम्ही कुठले?" मी बोट दाखवतो. "काय खेळत होता?" गोलकीपर, म्हणतो. गिऱ्हाईक चष्मा वर सारून परत बघतं. "अवो, पण तुमच्या पाठीवर तर आठ नंबर हाय. गोलकीपरचा एक नंबर असतोय की." तोवर झेरॉक्स निघालेली असते, म्हणून मी आजवर "हाय ती एक गंमत" एवढ्यावर भागवत आलो. तुम्ही मात्र तीनदा विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

कोल्हापुरात "एक नंबर" म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मिसळ चांगली असली तर एक नंबर, गाडी चांगली असली तर एक नंबर. आमच्या कॅप्टननं वर्गणी गोळा केलेली, पांढरे बनियन घाऊक भावात आणलेले, टेलरला गाठलेलं. एवढं करून एक नंबर दुसऱ्याला द्यायचा? तो खेळायचा सेंटर फॉरवर्ड. "एक नंबर माझा," म्हणाला आणि विषय संपला.

पाठीवरचे आकडे जागेवरून ठरतात, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. स्टेडियमवर पेठांच्या मॅची बघतच आम्ही वाढलो. पण बनियन स्वतःच्या अंगात घालायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी आकडे मराठीतच वाचले. दोन नंबर कुणी घेईना, कारण दोन नंबरचा धंदा. शेवटी ज्याच्या मामाचा मटक्याचा अड्डा होता त्यानंच हसत हसत तो घेतला. तीन तिगाडा, काम बिगाडा. सातवर साडेसाती, एकाच्या घरात ती खरोखरच चालू होती, त्याच्या आईनं निरोप पाठवला की काहीही द्या पण सात नको. सहाला तर कुणी हातच लावेना, आणि का लावेना ते आठवलं की आज आपल्याच अकलेची लाज वाटते. पाच पटकन गेला, पंचगंगेच्या नावानं. अकरावर मारामारी, कारण अकरा म्हणजे शुभ.

दहा? दहा कुणालाच नको होता! एक तर "दस नंबरी" म्हणून चिडवतील ही भीती. दुसरं म्हणजे टेलर आकड्यागणिक पैसे घ्यायचा, एका आकड्याला आठ आणे. दहाला दोन आकडे, म्हणजे रुपया. अकराचा रुपया लोक आनंदानं देतात, दहाचा का द्यावा? वर्गणी बुडवलेल्या एका पोराच्या पाठीवर शिक्षा म्हणून तो दहा चिकटवला गेला.

हे वाटप चाललं होतं तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत होतो. परत आलो तर आठ उरलेला. आठाला काहीच नव्हतं, ना शिवी ना शकुन. टेलरनं तो लाल अस्तराच्या तुकड्यातून कापला होता, वरचं वाटोळं मोठं आणि खालचं लहान. लांबून बघितलं तर उलटा लावल्यासारखा दिसायचा. फोटोत नीट बघा, अजून दिसतो.

गोलकीपरला वेगळ्या रंगाची जर्सी लागते. ती घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा मीही पांढऱ्यातच. वेगळेपणा काय तो हातमोज्यांचा. वडील उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला होते, तिथले जाड कॅनव्हासचे हातमोजे मी न विचारता उचलून आणलेले.

मॅच गांधी मैदानावर, मार्चमधली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. रेफ्री बाहेरगावचा. शेवटची दहाएक मिनिटं राहिली होती, शून्य-शून्य. आमच्या गोलपुढं पंधरावीस पायांची गर्दी झाली, धुरळा उडाला आणि त्या धुरळ्यातून मी बॉल उचलला. शिट्टी वाजली.

"आठ नंबर, हँड! पेनल्टी!"

मी हातमोजे दाखवले. रेफ्री म्हणाला, हातमोजे कुणीही घालंल. कॅप्टन पलीकडच्या टोकापासून धावत आला. "ओ साहेब, गोलकीपर हाय त्यो!"

"मग एक नंबर कोण?"

"मी एक नंबर!" छाती पुढं काढून.

"मग गोलकीपर तू. उभा राहा."

मैदानाच्या कडेला बसलेली माणसं हसून हसून आडवी झाली. कॅप्टननं पाच मिनिटं वाद घातला, पण रेफ्रीनं वहीत लिहून टाकलं होतं. शेवटी त्यानं माझ्या हातातले हातमोजे काढून घेतले आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. बॉल आला, त्यानं डोळे मिटले, बॉल त्याच्या नडगीवर आपटून बारवरून गेला. "एक नंबर! एक नंबर!" असा जो गलका झाला, तो तुम्ही ऐकायला हवा होता. त्यानंतर तो काही गोलमधून हलेना.

मग मी कुठं जायचं? पुढं ढकलला गेलो. ती दहा मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची गोल सोडून खेळलो. गोलकीपरला मैदान एकाच बाजूनं दिसतं, सगळं जग आपल्या अंगावर चालून येतंय असं. इथं ते चारी बाजूंनी होतं. मागून कोण ओरडतंय, कुणाला द्यायचा, काही कळत नव्हतं, पण मजा येत होती. एकदा पाठीमागून लांबचा बॉल आला, बरोबर छातीच्या उंचीवर, समोर मोकळी जागा. सवयीनं मी तो दोन्ही हातांनी झेलला.

या वेळी रेफ्रीला ओरडायचीही गरज पडली नाही. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. पुढं आम्ही टायब्रेकरला हरलो.

तीन महिन्यांनी मेक्सिकोचा वर्ल्डकप. गल्लीत दोन टीव्ही, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट. 22 जूनला अर्जेंटिना-इंग्लंड मॅच आपल्याकडं रात्री साडेअकराला सुरू झाली. मॅराडोनानं एक गोल हातानं केला (रेफ्रीला दिसला नाही, मला आमचा रेफ्री आठवला) आणि चार मिनिटांनी दुसरा असा केला की घरमालकानं उठून लाइट लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गणी बुडव्याच्या दारात रांग. दहा नंबर बदलून पाहिजे! तो कशाला देतोय?

त्या निळ्या जर्सीची गोष्ट मला फार नंतर कळली. उन्हात जाड कापड नको म्हणून अर्जेंटिनाच्या माणसांनी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून हलके निळे शर्ट आणले आणि त्यांवर चंदेरी आकडे ऐनवेळी इस्त्रीनं चिकटवले, अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीवर असतात तसले. म्हणजे आमचा टेलर आणि ते, एकाच धंद्यातले. मॅच संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं मॅराडोनाशी शर्ट बदलून घेतला. 2022 साली लिलावात तो सुमारे 71 लाख पौंडांना गेला. आमच्या दहाचा रुपया टेलरला अजून द्यायचा राहिलाय, असं कॅप्टन म्हणतो.

नंतर हळूहळू उलगडत गेलं की या आकड्यांचं सगळीकडंच असं आहे. इंग्लंडमध्ये आर्सेनल आणि चेल्सीनं 1928 साली पहिल्यांदा लीगच्या मॅचला पाठीवर आकडे लावले. पुढं जागेवार मोजणी रुजली: एक गोलकीपर, दोन-तीन बॅक, चार-पाच-सहा हाफ, सातपासून अकरापर्यंत फॉरवर्ड, राइट आऊटपासून लेफ्ट आऊटपर्यंत. हे झालं शिस्तीचं. पण 1958 च्या वर्ल्डकपला ब्राझीलचे आकडे असे काही वाटले गेले की गोलकीपर गिल्मारच्या पाठीवर तीन आला आणि सतरा वर्षांच्या पेलेच्या वाट्याला दहा. आज दहाचं जे देवपण आहे, ते त्या वाटपातून सुरू झालेलं. तिथं बहुतेक कुणी दळणाला गेलं असणार.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, आवडता खेळाडू कोण. सचिनचा दहा, धोनीचा सात ही नावं सगळेच घेतात, मीही घेतो. धोनीचा जन्म 7 जुलैचा, म्हणून सात. त्याच्या घरी साडेसातीची भीती नसावी. त्याला आदर्श मानणारा आपल्या राधानगरीकडचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, त्याच्यासारखाच रेल्वेत टीसी झालेला, 2024 साली पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि पात्रता फेरीत आला तोही सातवाच. तिथून फायनलला तिसरा, ब्राँझ. त्याच पॅरिसमध्ये हॉकीचं ब्राँझ घेऊन श्रीजेश थांबला आणि त्याचा 16 नंबर हॉकी इंडियानं सीनियर टीममधून कायमचा काढून ठेवला. गोलकीपरचा नंबर आहे हो तो! मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. कोल्हापूरचा खरा खेळ कुस्ती म्हणाल, तर खासबागेत लंगोटावर आकडा कुठं लावणार? आणि आपले भाऊसाहेब निंबाळकर 1948 साली नाबाद 443 वर थांबले, तेव्हा क्रिकेटच्या शर्टावर काही लिहीतही नसत.

पण माझा माणूस वेगळा आहे, यान यॉन्गब्लुड. 1974 च्या वर्ल्डकपला हॉलंडनं आडनावांच्या अक्षरानुसार आकडे दिले. फक्त क्रायफनं आपला लाडका 14 सोडला नाही. यॉन्गब्लुडचं आडनाव इंग्रजी J अक्षरानं सुरू होतं, त्याला आठ आला. गोलकीपर, पाठीवर आठ! वय तेहतीस. देशासाठी पहिली मॅच 1962 साली, तीही शेवटची काही मिनिटं, आणि दुसरी थेट 1974 मध्ये. ॲमस्टरडॅममध्ये त्याचं तंबाखूचं दुकान होतं. फायनल हरला. चार वर्षांनी पुन्हा तोच आठ घालून पुन्हा फायनलला आला. समोर अर्जेंटिना, त्यांचेही आकडे अक्षरानुसार, त्यामुळं त्यांच्या गोलकीपरच्या, फिलोलच्या, पाठीवर पाच. वर्ल्डकपच्या फायनलला दोन गोलांत आठ आणि पाच उभे, एक कुठंच नाही. यॉन्गब्लुड तीही हरला. 2023 साली तो वारला तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो बघत मी बराच वेळ बसलो होतो. दुकानदार, गोलकीपर, आठ नंबर. आणि तो हातमोज्यांशिवाय खेळायचा.

हे शेवटचं मी कॅप्टनला मुद्दाम सांगितलं. तो अजून रोज संध्याकाळी दुकानात येतो, खुर्ची ओढून बसतो, नातीच्या वह्यांवर सवलत मागतो. फोटो त्या मॅचनंतर लगेच काढलेला, म्हणून त्यात एक नंबरवाल्याच्या हातात हातमोजे आहेत आणि आठ नंबरवाल्याचे हात रिकामे. आमच्या वडिलांनी त्या हातमोज्यांपायी मला बडवला होता. ते कुठं आहेत विचारलं की कॅप्टन म्हणतो, पेनल्टी मी अडवली, हातमोजे माझे.