मधलीला क्ष म्हणा

शाळेच्या आठवणी लिहायच्या, तर स्नेहसंमेलनं आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच. मी आमच्या गणिताच्या सरांच्या बीजगणिताच्या तासावर लिहितो. त्यातही शाब्दिक उदाहरणांवर, आणि त्यातही क्रमागत, म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या, संख्यांच्या.

‘तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज 72 आहे, तर त्या संख्या शोधा.’ सगळे पहिलीला क्ष मानायचे. मग क्ष + 1, क्ष + 2, बेरीज 3क्ष + 3, ते 3 पलीकडे न्या, भागा. सर म्हणायचे, “मधलीला क्ष म्हणा की!” क्ष − 1, क्ष, क्ष + 1. उणे एक आणि अधिक एक परस्पर उडाले, उरलं 3क्ष = 72. उत्तर तोंडी: 23, 24, 25. पाच संख्यांनाही हीच युक्ती. चार आल्या की मधली कुठली, असा प्रश्न पडे आणि मुकाट्याने पहिलीकडे परतावं लागे: 4क्ष + 6. पण त्यातूनच कळलं, की चार क्रमागत संख्यांच्या बेरजेला 4 ने भागलं तर बाकी 2 उरणारच.

विषम संख्या आल्या की वर्गातली निम्मी मुलं चुकून क्ष मध्ये 1 आणि 3 मिळवायची. सम असोत वा विषम, फरक 2 चाच! तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज 57 असेल तर मधली 19. तीच 60 दिली तर मधली येते 20. समीकरण बरोबर, पण अट मोडली, म्हणजे अशा संख्याच नाहीत. उत्तर अटीत बसतं का, ही ओळ लिहिल्याशिवाय सर पूर्ण गुण देत नसत. तेव्हा हा छळ वाटे. पण दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार 182 आला, आणि 13, 14 लिहून वही मिटणाऱ्यांना −14, −13 ही जोडी दिसलीच नाही, तेव्हा त्या ओळीची किंमत कळली. उदाहरणात ‘नैसर्गिक’ म्हटलंय की ‘पूर्णांक’, हे मी आजही आधी बघतो.

एकदा सरांनी 15 ही संख्या क्रमागत संख्यांच्या बेरजेत मांडायला सांगितली. 7 + 8, 4 + 5 + 6, 1 + 2 + 3 + 4 + 5, अशी तिन्ही उत्तरं भराभर आली. मग म्हणाले, “आता 16 करा.” कुणालाच जमेना. 2, 4, 8, 16, 32 या संख्या अशा मांडताच येत नाहीत, असं ते सांगणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, −15 पासून 16 पर्यंत सगळ्या!”

सर क्षणभर थांबले. “धन संख्या घ्या, हे सांगायचं माझंच राहिलं,” म्हणाले, आणि फळ्यावरचं उदाहरण दुरुस्त केलं.